चेहरा साफ होईपर्यंत

पोहण्याच्या तलावावर सगळे तिला मासोळी म्हणायचे. नाव प्रशिक्षकांनीच ठेवलेलं, कारण एकदा पाण्यात पडली की पोरगी बाहेर यायचं नाव घ्यायची नाही. वय सोळा. वर्षभरापासून तिच्या गालांवर आणि कपाळावर मुरुमांनी ठाण मांडलं होतं. लाल, ठणकणारे, काही पिकलेले. घरात ती आणि आत्या, दोघीच. आत्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं.

ज्याने जे सांगितलं ते मासोळीने लावून पाहिलं. लिंबू चोळलं, टूथपेस्ट थापली, कातडी सोलवटून निघाली. शेवटी आत्याने तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल लिहून दिलं आणि बजावलं, "पोहून आलीस की अंघोळ करून पातळसं लावायचं. दोन-तीन महिने धीर धर. आणि टॉवेल पांढरे वापर, रंगीत कापडावर डाग पडतात."

म्हणून ती ट्यूब तिच्या पोहण्याच्या पिशवीत असायची. एका सकाळी कपडे बदलायच्या खोलीत ट्यूब खाली पडली. दुसऱ्या एका मुलीच्या आईने ती उचलली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली. त्यावर लिहिलं होतं, 'मुरुमांच्या जंतूंचा नाश करते.'

"म्हणजे तुला जंतू झालेत?" त्या बाईंनी विचारलं, आणि आपल्या मुलीचा टॉवेल बाकावरून पटकन ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या तक्रारीवरून तलावाच्या व्यवस्थापकाने मासोळीला दारातच अडवलं. "चेहरा साफ होईपर्यंत येऊ नकोस, बाळ. इतरांचाही विचार करायला हवा." प्रशिक्षक शेजारीच उभे होते. गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत ते पाण्याकडे बघत राहिले.

मासोळी घरी आली ती थेट पांघरुणात शिरली. काय झालं ते आत्याला तिच्याकडून जवळजवळ उपसून काढावं लागलं. ऐकून आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान बंद ठेवून ती तिला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"हा पसरणारा रोग नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतात. माझ्याही, तुमच्याही. हिची छिद्रं तेलाने आणि मेलेल्या कातडीने बुजतात, आत जंतू वाढतात, सूज येते. जेल त्यांना मारतं. पाण्यातून हे कुणाला लागत नाही."

तिथून दोघी थेट तलावावर. आत्याने व्यवस्थापकाला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे ते जंतू तुमच्याही नाकावर आहेत, साहेब. तुम्हीही उद्यापासून येऊ नका."

त्याचा हात नकळत नाकाकडे गेला. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, खरं सांगू? जंतूंचं मलाही कळलं. पण लोकांना बघायला बरं वाटत नाही. दुपारी तलाव रिकामा असतो, तेव्हा पोहू दे तिला."

"दुपारी तिची शाळा असते," आत्या म्हणाली. "आणि आता जे बोललात ते कागदावर लिहा. सोळा वर्षांच्या मुलीचं तोंड लोकांना बघवत नाही म्हणून तिला बाहेर ठेवलं. खाली सही करा. दुकानाच्या दारावर चिकटवते."

"अहो, असं कुठे लिहून देतात का?"

"मग असं बोलतात का?"

तेवढ्यात मासोळी, जी इतका वेळ खाली मान घालून उभी होती, ती प्रशिक्षकांसमोर जाऊन थांबली. "सर, तुम्हाला तर सगळं माहीत होतं. मीच दाखवली होती तुम्हाला ट्यूब. तुम्ही तरी बोलायचं होतं."

प्रशिक्षकांचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं," ते पुटपुटले. मग व्यवस्थापकाकडे न बघता म्हणाले, "उद्या नेहमीच्या वेळेला ये. तू नसशील तर मीही शिकवणार नाही."

व्यवस्थापकाने हात टेकले. दुसऱ्या दिवशी मासोळी पाण्यात उतरली, पण संतापाने तिला दम लागत होता, हात वेडेवाकडे पडत होते. त्या बाईंनी आपल्या मुलीला पार पलीकडच्या पट्ट्यात नेलं. माफी ना त्यांनी मागितली, ना व्यवस्थापकाने.

हळूहळू जेलचा गुण आला. गालांवर फिकट डाग तेवढे राहिले. एके दिवशी व्यवस्थापक तिला बघून हसला, "बघ, आता कशी छान दिसतेस. मी म्हणालो नव्हतो?"

मासोळी रागाने पाठ फिरवून तिथून निघाली. दुकानात येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आत्याने हातातली कानस टेबलावर आपटली.

"निर्लज्ज मेला. उद्याच येते मी."

"उद्या नको, आत्या," मासोळी म्हणाली. "उद्या माझी शर्यत आहे. ती झाली की ये. मीही असेन बरोबर."

"बरं," आत्या म्हणाली आणि अर्धवट राहिलेली किल्ली पुन्हा घासायला लागली, पण जरा जास्तच जोरात.