रईसाचं दुखणं

खुर्चीवर टेकण्याआधी रईसानं वाकून टेबलाखाली पाहिलं. करंट देण्याचं यंत्र असलंच तर तिथंच लपवलेलं असणार, असा तिचा हिशेब. खाली फक्त बाईंच्या चपला होत्या. भिंतीवर तारा नव्हत्या, हातपाय धरणारी माणसं नव्हती. तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

"बसा ना," दमयंतीबाई म्हणाल्या.

वेड्यांची डॉक्टरीण म्हणून नणंदेनं जिची एवढी धास्ती घातली होती ती हीच बाई. साधी सुती साडी, चष्मा कपाळावर सरकवलेला. "तिथं गेलेला माणूस शहाणा परत येत नाय," नणंद जाहेदा म्हणाली होती. "आणि आपल्या मजीदला झालंय तरी काय? दुकान चालतंय, घर स्वतःचं हाय. नमाजाला जावं, चार माणसांत बसावं, आपोआप उतरंल."

काहीच झालं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ना तोटा, ना भांडण, ना कुणाचं जाणं. शहागंजातल्या दुकानात नवरीमुलींच्या पत्र्याच्या पेट्या हसतखेळत विकणारा तिचा नवरा रमजाननंतर हळूहळू विझत गेला. दुकान चुलतभावाच्या हवाली केलं, जेवण टाकलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला. एका दुपारी तो गच्चीच्या कठड्याशी उभा दिसला. रईसानं काही विचारलं नाही. त्या दिवसापासून गच्चीची किल्ली तिच्या ओढणीच्या गाठीत आली आणि न्हाणीघराच्या दाराची कडी निघाली. मरणाचा शब्द तर तिनं घरातून हद्दपारच केला. शेजारी मयत झाली तेव्हाही त्याला कळू दिलं नाही. असला शब्द कानावर पडला की मनात रुजतो, अशी तिची पक्की समजूत होती.

पण इथं आणायचं कसं? "मी काय वेडा हाय का?" म्हणून तो आणखीच मिटला असता. मग तिनं दुखणं आपल्या अंगावर घेतलं. "मला झोप येत नाय. बाईमाणसानं एकटीनं डॉक्टरकडं जावं का?" म्हणाली. उंबरा ओलांडायचं सोडून दिलेला मजीद त्यावर उठला, दाढी केली आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. रईसाला नवल वाटलं. बाईंना मात्र तिनं फोनवर खरं सांगून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही, पण तुम्ही या.

त्यांच्या घरची रीत अशी की डॉक्टरांपुढं बाईनं नुसती नाडी द्यावी, दुखणं नवऱ्यानं सांगावं. बाळंतपणाच्या कळासुद्धा रईसाच्या वतीनं मजीदनंच सांगितल्या होत्या.

"बोला, काय त्रास होतो?" बाईंनी रईसाला विचारलं.

रईसानं सवयीनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. मजीदनं घसा खाकरला.

"हिला झोप नाय, मॅडम. रात्री उठती अन् माझ्या नाकापुढं हात धरती. श्वास चालू हाय का बघती. मी झोपल्याचं सोंग करतो."

"हं."

"जेवत नाय. मी ताट सारलं की हीबी सारती. मी न्हाणीत गेलो की बाहेर उभी राहून काहीबाही बोलत राहती. लई हसायची, मॅडम. आता पार सुकून गेली."

रईसा ऐकतच राहिली. ती तर खोटं बोलून आली होती. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या माणसानं हे सगळं पाहिलं तरी कधी? तिला लाज वाटली, रागही आला, आणि कधी नव्हे इतकी त्याची माया आली.

"हिला बरं करा," मजीद म्हणाला. "एवढं झालं की मी सुटलो."

दमयंतीबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"सुटलो म्हणजे?"

रईसानं ओढणीची गाठ मुठीत आवळली आणि डोळ्यांनीच बाईंना विनवलं. बाईंनी ते पाहिलं, पण त्या थांबल्या नाहीत.

"मजीदभाई, जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?"

रईसा ताडकन उठली. "मॅडम, नका. असलं तोंडातून काढू नका. त्यांच्या डोक्यात नाय तसलं काही."

"हाय," मजीद म्हणाला.

कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तितक्या साधेपणानं तो म्हणाला. "रोज हाय. कुणी विचारलंच नाय. म्हटलं, आपण बोललो तर ही खचंल."

त्याचे खांदे सैल झाले. टेबलावरचा पाण्याचा पेला त्यानं आपणहून ओढला आणि घटाघट रिकामा केला. घरी त्याच्या ओठांना पेला लावावा लागायचा. रईसा खाली बसली. इतके दिवस दोघं एकाच घरात एकमेकांपुढं तोंड शिवून बसली होती, आणि त्यालाच ती सांभाळणं समजत होती.

"विचारल्यानं हे वाढत नाही," बाई म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत. आता तुम्हाला असंच घरी पाठवणार नाही. मी औषधं देत नाही; ती देणाऱ्या इथल्याच एका डॉक्टरांना आपण मिळून भेटू, आजच."

मजीदनं मान हलवली.

मग बाई रईसाकडं वळल्या. आवाज तोच होता, प्रश्नही तोच.

"आणि तुम्हाला, रईसाबाई? जीव द्यावासा वाटतो का?"

रईसानं पुन्हा नवऱ्याकडं पाहिलं. कित्येक दिवसांनी तो तिच्याकडं सरळ पाहत होता, आणि त्याच्या नजरेत भीती होती.

"हे मला ठाऊक नाय," तो म्हणाला. "तूच सांग."

रईसाला नाही म्हणायचं होतं. पण तो एवढासा शब्द काही केल्या तिच्या तोंडून निघेना.