खिडकीतला पाटा

मित्रांनो, मी तीन पायांचा एक जुना पाटा आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. दगडाला कसला आला राग, असे म्हणू नका. दगड तापायला वेळ लागतो हे खरे, पण एकदा तापला की तो लवकर निवतही नाही.

माझा जन्म मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या खोऱ्यातला. अबुंदियोबाबा नावाच्या पाथरवटाने मला डोंगरातून काढले. तो आधी दगडावर छिन्नी टेकवून एक टोला देई आणि कान लावी. बद्द वाजला की दगड तिथेच सोडी. मी खणखणीत वाजलो. "हा बोलणारा निघाला," तो म्हणाला. तेव्हा ते मला कौतुक वाटले होते. आज वाटते, त्याने मला तेवढ्यासाठीच निवडले असावे.

एर्मेलिंदाच्या लग्नात तिच्या धर्मपित्याने, म्हणजे बाप्तिस्म्यात मानलेल्या बापाने, मला आहेर म्हणून आणले. माझ्या कडेवर लाल फुले काढली, मधोमध तिचे नाव रंगवले आणि मला खांद्यावर घेऊन लोक अंगणात नाचले. बावीस किलोंचा दगड खांद्यावर घेऊन नाचणे ही गंमत नव्हे. चार गड्यांनी पाळ्या लावल्या. त्यातला एक दुसऱ्या दिवशी वाकूनच चालत होता. माझा वरवंटा मात्र नवरीने स्वतःच्या हातात धरला होता. तो कुणाला द्यायचा नसतो.

ते रंगवलेले नाव वर्षभरात धुऊन गेले. जायलाच हवे होते. कामाच्या पाट्यावर रंग टिकत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका एर्मेलिंदा रोज पहाटे माझ्यामागे गुडघे टेकून माझ्यावर वाटी आणि त्याच्या पातळ भाकऱ्या तव्यावर टम्म फुगत. सणाला कोको. आणि वर्षातून दोन-तीनदा मोले. सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, करपवलेली भाकरी, कोको, असे वीस-बावीस जिन्नस भाजून, वाटून केलेला तो काळा दाट रस्सा. तो वाटताना एर्मेलिंदा कुणाशी बोलत नसे. सदतीस वर्षे तिने मला नुसत्या पाण्याने धुतले. साबणाचा एक थेंब नाही. धुऊन झाले की भिंतीला टेकवून उन्हात ठेवी.

तिचा मुलगा नाबोर एकोणीसचा झाला आणि उत्तरेला, अमेरिकेतल्या मिनेसोटात गेला. तिथे बर्फ सहा महिने राहतो म्हणे. फोनवर तो हवेबद्दल तक्रार करीत नसे, खाण्याबद्दल करी.

"आई, इथं आपलं म्हणून जे विकतात ना, त्यावर पिवळं चीज ओततात. पिवळं! आणि रश्शात साखर."

"भाकरी तरी मिळते का?"

"मिळते. पुठ्ठा बरा लागेल."

रविवारी तो आणि आमच्याच गावचा क्रिसोफोरो जुनी गाडी काढून निघत. अमुक गावात पेट्रोलपंपामागे एक बाई मोले करते, असे कुणीतरी सांगितलेले असे. शंभर मैल जावे, तर पंप बंद. दुसऱ्या गावी बाई सापडली, पण ती मोले डब्यातले ओतत होती. क्रिसोफोरो दगडी भिंती बांधणारा गवंडी, हाताने जड आणि जिभेने त्याहून जड. तो म्हणे, "नाबोर, आपण देवाला एवढं शोधलं असतं, तर संत झालो असतो." सात वर्षे त्यांनी शोधले. मिळाले नाही. शेवटी नाबोरने स्वतःच खानावळ काढली आणि आईचे नाव दिले: 'एर्मेलिंदाची चूल'.

इथवर माझी काही तक्रार नाही. उपाशी माणसाने चूल पेटवली, यात चूक काय?

दोन वर्षांपूर्वी एर्मेलिंदाचा नवरा गेला. नाबोरने तिला बोलावले. "आणि आई, पाटा आण. कपडे राहू देत, इथं घेऊ." ती किती हरखली! पोराला आपल्या हातचे खायचे आहे. तिने मला चादरीत गुंडाळले. विमानतळावर मला उचलणाऱ्याने जी शिवी दिली, ती मी इथे लिहीत नाही.

आता माझा हिशेब ऐका. पहिली गोष्ट, पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाबोरने मला व्हार्निश लावले. हो, व्हार्निश! दारा-खिडक्यांना लावतात ते. चकाकी यावी म्हणून दोन हात. माझ्या अंगाची खरखर, जिच्यावर मका वाटला जातो, ती सगळी बुजली. दुसरी गोष्ट, मला रस्त्याकडच्या खिडकीत मांडले आणि माझ्यावर निवडुंगाची कुंडी ठेवली. तिसरी गोष्ट तर ऐकाच. "वरवंटा कुठंय?" असे नाबोरने विचारले, तेव्हा एर्मेलिंदा एवढेच म्हणाली, "राहिला." मग त्याने माझ्यावर लाकडी लाटणे ठेवले! लोक येत, आमचा फोटो काढत. पाट्यावर लाटणे बघून एकालाही हसू आले नाही, यावरून गिऱ्हाईक काय लायकीचे होते ते समजा.

आणि दारावर पाटी: 'आमची आई रोज पहाटे पाट्यावर वाटते.'

आई त्या खानावळीत पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा मी खिडकीतून पाहिले. तिने भाकरी हातात घेतली, दुमडली. ती मोडली. रश्शात बोट बुडवून चाटले.

"नाबोर, हे कुणी केलं?"

"पिठाची पोती येतात, आई. रस्सा बरणीतला. लोकांना हेच आवडतं."

"आणि हे पिवळं काय?"

नाबोर भांडी विसळायला गेला.

मित्रांनो, ज्या पिवळ्या चीजला हा पोरगा सात वर्षे शिव्या देत हिंडला, तेच हा आता आईच्या नावाने विकत होता! एर्मेलिंदा त्या दिवसापासून उकडलेली अंडी खाऊ लागली. चार महिन्यांत तिचा कमरपट्टा दोनदा गुंडाळूनही सैल पडू लागला.

मग नाबोरच्या तान्ह्या मुलीचा, एर्मेलिंदाच्या नातीचा, बाप्तिस्मा ठरला. धर्मपिता क्रिसोफोरो. आमच्याकडे धर्मपित्याच्या पुढ्यात टर्की आणि मोले ठेवावे लागते, आणि ते बाळाच्या घरी वाटलेलेच असावे लागते. नाहीतर तुम्ही त्याला नातलग मानलेच नाही, असा अर्थ होतो.

"बरणीतलं चालेल की," नाबोर म्हणाला. "दादा काय परका आहे?"

"परका असता तर चाललं असतं." एर्मेलिंदाने पिशवी काढली आणि कपडे घड्या करून भरू लागली. "माझं नाव दारावर, माझी पाटी खोटी, माझा पाटा कुंडीखाली. शुक्रवारी मला विमानात बसव. आणि धर्मपित्याला बरणी वाढताना मी त्या पंगतीत नसेन."

सून लुसेरो रडली. नाबोर रागावला.

क्रिसोफोरो एक दिवस आधीच, बुधवारी आला. आता तो दहा तासांवरच्या गावी राहत होता. गाडीतून उतरला आणि खिडकीसमोर उभा राहिला.

"नाबोर! बाहेर ये. हे काय आहे?"

"सजावट आहे, दादा."

"ही सजावट? मग तुझ्या आजीला पण आणून बसव ना खिडकीत, व्हार्निश लावून!" कुंडी त्याने रस्त्यावर ठेवली. लाटणे उचलून नाबोरच्या हातात दिले. "हे धर. तुझी शोभा."

त्याने मला मागच्या अंगणात बर्फात नेले, गाडीतून छिन्नी-हातोडी काढली आणि टाकी लावायला, म्हणजे बुजलेली खरखर पुन्हा उठवायला, बसला. आमच्या गावात हे प्रत्येक पोराला येते. टक, टक, टक. व्हार्निशचे पापुद्रे उडू लागले. मित्रांनो, छिन्नीचा घाव लागतो, हे खोटे नाही. पण मी पुन्हा खणखणीत वाजलो.

आवाज ऐकून एर्मेलिंदा खाली आली. हातात शालीत गुंडाळलेले काहीतरी होते. माझा वरवंटा! बाई खोटे बोलली होती. चार महिने तो तिच्या पलंगाखाली होता.

"नाबोरला नसता दिला मी," ती म्हणाली. "ह्याने ह्याच्यावर पण रंग दिला असता."

टाकी लावलेल्या पाट्यावर आधी तांदूळ वाटून फेकायचे असतात, दगडाची पूड निघून जाईस्तोवर. दहा वेळा तरी. तिला सहाच वेळा जमले, कारण मिरच्या भाजायच्या होत्या आणि बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी होता. सहाव्या खेपेलाही पीठ किंचित राखाडीच होते. तिने ते पाहिले आणि तशाच मिरच्या माझ्यावर ओतल्या.

गुरुवारी क्रिसोफोरोपुढे ताट आले. त्याने घास घेतला, चावला आणि थांबला.

"मावशी, दाताखाली दगडाची खर लागतेय."

एर्मेलिंदाचा चेहरा उतरला. "टाकी ताजी आहे. मला ठाऊक होतं. काढ बाजूला, मी..."

"हात नका लावू ताटाला. ही कुठल्या डोंगराची खर आहे ते मला कळतं. सोळा वर्षं शोधतोय हिला." तो नाबोरकडे वळला. "आणि तू तिच्यावर कुंडी ठेवलीस, गाढवा. वाढा, मावशी. खरेसकट वाढा."

शुक्रवारी एर्मेलिंदाची पिशवी दाराशीच होती. नाबोर चाचरत म्हणाला, "आई, राहतेस ना? आणि पाटा... परत खिडकीत ठेवू का? लोक विचारतात."

"ठेव की. पण मागं तू बस. रोज पहाटे वाटतात असं लिहिलंयस. एक तर लिहिलेलं पूस, नाहीतर गुडघे टेक. मग मी राहते का जाते ते बघू."

नाबोरने पाटीकडे पाहिले, आईकडे पाहिले. मग गुडघे टेकले. पाव तासात त्याच्या तळहाताला फोड आला, अर्ध्या तासात दुसरा. तिसरा मी जरा मुद्दामच दिला. एर्मेलिंदाने पिशवी उचलून आत ठेवली.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे कुणीतरी मांडून ठेवलेले असेल. कौतुकाने पुसलेले, पाहुण्यांना दाखवलेले आणि कामाला न लावलेले. त्याला चकाकी देऊ नका. त्याला घासा, झिजवा, वापरा. झिजण्याचे आम्हाला दुःख नसते.

लाटणे आता खिडकीच्या कोपऱ्यात नुसते पडून आहे. त्याला मी माफ केले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? नाबोरचे मात्र मी अजून ठरवलेले नाही. त्याचा मका अजून जाडच वाटला जातो.