पान्याच्या शेपटीला लावायचा पाईप

मी एक जुना पाईप आहे. अख्खा पण नाही, तुकडा. दीड हात लांब, लोखंडाचा, एका तोंडाला थोडा चेपलेला. मित्रांनो, तुम्ही मला बघितलंत तर भंगार म्हणून पायानं बाजूला साराल, मला ठाऊक आहे. सारा. पण आधी ऐकून घ्या.

मला कळायला लागलं तेव्हा मी म्हैसुरात होतो, रंगाऱ्यांच्या एका घरात, मागच्या अंगणात. लुगडी रंगवायचे तिथं. हौदात उरलेलं पाणी माझ्यातून बाहेर वाहायचं, आज लाल, उद्या निळं. माझ्या पोटात अजून निळा डाग आहे. पुढं गिरणीचं कापड स्वस्तात यायला लागलं, रंगाचं काम बसलं, आणि त्या घरच्या तिरुमलरावांनी त्याच जागेत गाड्या दुरुस्तीचं गॅरेज काढलं. एक दिवस त्यांनी करवतीनं मला कापलं आणि पान्याच्या दांड्यावर चढवलं. पान्याला शेपटी फुटल्यासारखं दिसत होतं. दांडा लांब झाला की जोर दुप्पट लागतो. एवढंच माझं शिक्षण.

पण मान काय होता सांगू. लॉरीचा असो, ट्रॅक्टरचा असो, पान्याला दाद न देणारा बोल्ट मला बघून करकरत सुटायचा. तरी हत्यारांच्या फळीवर मला जागा नाही. पान्यांना खिळे, हातोड्यांना खण, आणि मी दारामागं. आयुधपूजेला तिरुमलरावांची बायको अंबाबाई सगळ्या हत्यारांना कुंकू लावायच्या आणि शेवटी दारामागं वाकून मला एक बोट टेकवायच्या. तेवढं मला वर्षभर पुरायचं.

दारामागं राहिलं की स्वभाव संशयी होतो. मला नव्या चकचकीत पान्यांचा संशय येतो, गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचा येतो, आणि जो बोल्ट पहिल्याच झटक्याला सुटतो त्याचा तर सगळ्यात जास्त. पण यंदा दसऱ्याच्या आधी महादेवराव आले आणि माझ्याहून संशयी कुणी असू शकतो हे मला कळलं.

महादेवराव बोगादीला राहतात. सत्तरी ओलांडलीय. वाडवडील म्हैसूरच्या फौजेत होते, त्यामुळं अजून बसतात ते ताठ. गाडी त्यांच्या वडलांची, दत्तोजीरावांची. छप्पन सालची विलायती, काळी, गोल दिव्यांची. स्पीडब्रेकरवरून गेली की मागून कडकड वाजत होती. तिरुमलराव आता नाहीत, गॅरेज त्यांचा मुलगा नागेंद्र बघतो. तो गाडीखाली गेला, बाहेर आला, म्हणाला मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसलेत, सगळे बोल्ट काढून बघायला लागेल.

इथंच घोळ झाला. महादेवरावांना कुणीतरी सांगितलं होतं की जुन्या गाडीचा अस्सल माल मेकॅनिक लोक काढून घेतात, बेंगळूरच्या शौकिनांना देतात आणि गाडीला भलतंच काहीतरी घालतात. दुसऱ्या दिवशी ते नातीचं, पूजिताचं, नेलपॉलिश घेऊन आले. ह्या वयात गाडीखाली सरपटत गेले आणि एकेका बोल्टच्या डोक्यावर गुलाबी ठिपका लावून आले. मग गाडीकडं तोंड करून प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. रोज दहाला हजर. नागेंद्र गाडीखालून निघाला की ते आधी त्याचे खिसे बघायचे, मग तोंड. नागेंद्र हात पुसून पुन्हा खाली जायचा. अंबाबाई, आता ऐंशीच्या, दोघांना कॉफी आणून द्यायच्या.

बाकीचे बोल्ट सुटले. ठिपके मोजून महादेवरावांच्या रुमालात गेले. पण डाव्या पाट्याच्या मागच्या टोकाचा एक काही सुटेना. नट निघाला, पण बोल्ट पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकात, असा गंजून बसला होता की दोन्ही एकाच लोखंडाचे वाटावेत. दोन दिवस तेल पाजलं. जाळ लावायची सोय नाही, शेजारीच पेट्रोलची टाकी. शेवटी नागेंद्रनं दारामागं हात घातला.

मी खूश. कितीतरी महिन्यांनी बोलावणं आलं होतं. त्यानं मला पान्यावर चढवलं, पाय रोवले आणि ओढलं. मित्रांनो, लोखंड सुटताना वेगळं थरथरतं आणि तुटताना वेगळं. हे सुटायचं थरथरणं नव्हतं. बोल्टच्या डोक्याच्या कडा झिजायला लागल्या. नागेंद्रला पण हातातून कळलं, त्यानं मला सोडलं. म्हणाला, करवतीनं कापून काढू, हेब्बाळच्या लेथवर तसाच नवा करून घेऊ.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ह्याचीच वाट बघत होतो मी," महादेवराव म्हणाले. "आधी सुटत नाही, मग कापला, मग तुकडा हरवला. आमच्या अप्पांनी ह्या गाडीचा विलायतेचा एक खिळा कुणाला बदलू दिला नाही."

"कापलेला बोल्ट घेऊन मी काय करणार, मामा?"

"ते तुला ठाऊक."

आणि त्यांनी सांगून टाकलं. बोल्ट अख्खा हातात आला पाहिजे. नाहीतर दसरा झाला की गाडी ओढून बेंगळूरला नेणार, आणि समाजाच्या हॉलात, भरल्या पंगतीत सांगणार की तिरुमलरावांचा मुलगा माल बदलतो.

नागेंद्रच्या गॅरेजाला पाटी पण नाही. चार जुन्या घरांच्या विश्वासावर ते चालतं. एकदा नाव गेलं की शटर ओढायचं. तो टायरवर बसला, तसाच हाताला काळं घेऊन.

तेव्हा अंबाबाई बोलल्या. कॉफीचे लोटे हातातच होते.

"आपल्याकडं काळा रंग कसा करायचे, विसरलास होय रे?"

मग त्यांनीच सांगितलं. गंजलेले नाल, खिळे, मोडके विळे मडक्यात घालायचे आणि वर काळ्या गुळाचं पाणी ओतायचं. ते आंबतं, हळूहळू गंज खातं, आणि त्या पाण्यातून काळा रंग निघतो. पण रंग काढून घेतला की तळाला लोखंड कसं राहायचं, धुऊन ठेवल्यासारखं. "गंज तेवढा खातं ते," त्या म्हणाल्या. "स्वल्प दम धरायला लागतो."

पाटा ज्या दोन पट्ट्यांनी गाडीला लटकतो त्यांचा वरचा बोल्ट आधीच सुटला होता. तेव्हा अडकलेल्या बोल्टासकट अख्खा पाटा गाडीतून खाली उतरवता आला. नागेंद्रनं बन्नूरहून काळा गूळ आणला, ड्रममध्ये कालवला आणि पाट्याचं ते टोक त्यात बुडवलं. महादेवरावांनी आधी बोट बुडवून वास घेतला. मग झाकणाला साखळी घातली आणि घरून आणलेलं पितळी कुलूप लावलं.

"अप्पांचं आहे," ते म्हणाले. "स्वतः करवून घेतलेल्या वस्तूवर ते पंचनं तीन टिंबं ठोकायचे. ही बघ. असं दुसरं मिळायचं नाही, बदलशील तर मला कळेल."

किल्ली बंडीच्या आतल्या खिशात गेली.

पंधरा दिवस ड्रम कोपऱ्यात आंबत बसला. माश्या आल्या. मला त्याचा भयंकर संशय. जे मला जमलं नाही ते गुळाला जमणार? आणि त्याहून एक गोष्ट मला डाचत होती. तो बोल्ट एवढा आवळला कुणी? नुसत्या पान्यानं एवढं बसत नाही. मी मनातल्या मनात सगळ्यांवर आळ घेतला, बन्नूर रस्त्यावरच्या मेकॅनिकांवर, विलायतेच्या गोऱ्यांवर, गाडीवर सुद्धा.

आयुधपूजेचा दिवस आला. सगळी हत्यारं धुऊन केळीच्या पानावर मांडली, कुंकू लावलं, शेवंतीची फुलं वाहिली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. गुळाच्या पाण्याला कुठली सुट्टी, ते आपलं काम करतच होतं. महादेवराव सकाळीच आले आणि म्हणाले, ड्रम उघडायचा. अंबाबाई म्हणाल्या, उघडा, पण पाना नाही, हातोडी नाही.

कुलूप निघालं. वास असा की रस्त्यावरचं कुत्रं निघून गेलं. पाण्यावर गुलाबी खपली तरंगत होती. दोघांनी पाटा उचलून बाहेर घेतला. बोल्टचं डोकं काळपट, स्वच्छ. ठिपका नाही.

"माझी खूण कुठं गेली?" महादेवराव म्हणाले.

नागेंद्र म्हणाला की खूण गंजावर होती, गंजाबरोबर गेली. आणि कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात.

"कुलपाला दुसरी किल्ली असते."

अंबाबाईंचा फुलं वाहणारा हात थांबला. नागेंद्रनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"तुम्हीच काढा, मामा. माझा हात नको त्याला. नाही निघाला तर गाडी घेऊन जा."

महादेवरावांनी बाही वर केली. बोल्ट बोटांत धरला आणि फिरवला. तो फिरला. दाराची कडी फिरावी तसा. मग सरकत सरकत अख्खा बाहेर आला. पाना नाही, मी नाही, दोन बोटं.

त्यांनी तो रुमालानं पुसला आणि थांबले. डोक्यावर तीन टिंबं होती. त्यांनी कुलूप उचलून शेजारी धरलं. तीच टिंबं, तेवढ्याच अंतरावर. माल कुणी बदलला नव्हता, बोल्ट तोच होता. पण तो विलायतेचा कधी नव्हताच. दत्तोजीरावांनीच करवून घातलेला होता.

आणि मित्रांनो, ती टिंबं बघितली तेव्हा मला आठवलं. चाळीस वर्षं झाली. गाडीचा अस्सल बोल्ट बन्नूरजवळ मोडला होता. दत्तोजीरावांनी तिथं ऊस गाळायच्या चरकाचं काम करणाऱ्याकडून हा करवून घेतला आणि इथं येऊन म्हणाले, चांगला आवळा, पुन्हा सुटायला नको. तिरुमलरावांनी ग्रीस लावायच्या आधीच मला पान्यावर चढवलं. मीच आवळला तो. जीव लावून. सगळ्यांवर संशय घेत बसलो होतो, आणि चोर दारामागं उभा होता.

महादेवरावांनी त्या टिंबांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "अप्पा मला कधी बोलले नाहीत हे."

"तुम्ही शिवमोग्ग्याला नोकरीत होता," अंबाबाई म्हणाल्या. "आणि सांगायची लाज वाटली असेल. मोठी ऐट होती ना ह्या गाडीची."

महादेवरावांनी बोल्ट आणि कुलूप दोन्ही केळीच्या पानावर ठेवलं, पान्यांच्या शेजारी, आणि किल्ली त्यावर ठेवली.

"ह्यांना पण कुंकू लावा, अक्का," ते म्हणाले. नागेंद्रकडं बघायला त्यांना आणखी थोडा वेळ लागला. पण बघितलं.

जुना बोल्ट मधोमध झिजला होता, परत घालण्यासारखा नव्हता. दसरा झाल्यावर हेब्बाळच्या लेथवर नवा झाला, आणि महादेवरावांनी त्याच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं तीन टिंबं ठोकली. नागेंद्रनं त्याला भरपूर ग्रीस चोपडलं आणि पाना लावला. महादेवरावांनी विचारलं, पाईप नको का?

"बेडा, नको मामा. घट्ट झाला म्हणजे झाला. पुढं कुणाला तरी काढायचाय तो."

मी दारामागंच राहिलो. आणि मला राग आला नाही, खरंच सांगतो.

मित्रांनो, माझ्यासारखा पाईप तुमच्याकडं असेल तर ठेवा, फेकू नका. सोडवायला कधीतरी लागतो. पण आवळायला मला बोलावू नका. वर्षातून एकदा ग्रीस लावा, आणि अडलं तर थोडी वाट बघा.

नवा बोल्ट बसवला त्या दिवशी पण महादेवराव काम संपेपर्यंत बसून होते. खुर्ची तीच, जागा तीच. गाडीकडं पाठ करून, रस्त्यावरची रहदारी बघत ते कॉफी पीत होते.