कोणतं टोक वरचं?

खंडेनवमीला कवठे महांकाळच्या त्या कोल्ड स्टोरेजात काय काय धुतलं जात नाही, ते विचारा. वजनकाटा, ट्रॉल्या, जनरेटर, झालंच तर मॅनेजर लालासाहेबांची बुलेट, सगळं अंघोळ करून, हळदीकुंकू लावून आणि झेंडूची माळ घालून उभं राहतं. लालासाहेब पलटणीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस. सवड मिळाली असती तर त्यांनी बेदाण्याच्या पेट्यांचीही कवायत घेतली असती. यंदा त्यांनी लेकीची नळीसुद्धा धुतली, आणि तिथून हे सगळं रामायण सुरू झालं.

नळी म्हणजे दीड मीटर लांबीचं, पोटरीएवढं जाड प्लास्टिकचं नळकांडं. आत पार दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्राच्या तळाचा गाळ. लालासाहेबांची लेक क्रांती पुण्यात संशोधन करते. महिनाभर जहाजावर ओकाऱ्या काढून, गारठून तिनं तो गाळ मिळवला होता. वर ओढताना वरचा आणि खालचा गाळ निसटून समुद्रात गेला, मधला एवढाच तुकडा शाबूत हाती आला. असा गाळ थराथरानं बसतो. खालचा थर जुना, वरचा नवा. त्यात काय सापडतं त्यावरून तिकडचा बर्फ कधी वाढला, कधी फुटला हे पान उलटावं तसं वाचता येतं. मात्र त्यासाठी नळीचं कोणतं टोक वरचं, हे माहीत पाहिजे. ते माहीत नसेल तर नळीत नुसता चिखल.

पुण्यातल्या प्रयोगशाळेची थंड खोली बिघडली तेव्हा क्रांतीनं बापाला फोन केला. बेदाणा टिकतो त्याच गारव्यात हा गाळही टिकतो.

"आणून टाक की," लालासाहेब, म्हणजे तिचे तात्या, म्हणाले. "बेदान्याशेजारी निवांत झोपंल."

दसऱ्याला क्रांती नळी न्यायला आली, तर नळी नव्या नवरीसारखी सजलेली. लख्ख पुसलेली, दोन्ही टोकांना कुंकू, मधे झेंडूची माळ. 

"तात्या, हिच्यावर काळ्या पेननं बाण काढला होता. कुठं गेला?"

"त्यो डाग व्हय? पान्यानं निघंना, मग थिनरनं पुसला. लय चिवट हुता."

"आणि बुचं? निळं बूच वर होतं, पांढरं खाली. ती काढली नव्हती ना?"

लालासाहेबांनी हमाल अर्जुनाकडं पाहिलं. अर्जुनानं जमिनीकडं पाहिलं.

"धुवाय काढली हुती," अर्जुना म्हणाला. "पर माती हलीवली न्हाई बगा. लगीच बसीवली."

"जिथली तिथं?"

"व्हय. निळं दाराच्या अंगाला हुतं."

"दाराच्या अंगाला पांढरं हुतं रं गड्या," लालासाहेब म्हणाले. दोघंही आपापल्या जागी शपथेवर सांगायला तयार. करायला गेले गणपती, झाला मारुती.

क्रांतीनं नळी दोन्ही टोकांकडून निरखली, पण खूण कुठंच नव्हती. जहाजावरचं तपासणीचं यंत्र बंद पडल्यानं या नळीचा एक फोटोसुद्धा नव्हता. पुन्हा तिकडं जहाज जायचं तर कैक वर्षं. तिचं सगळं काम, रात्रीचा दिवस करून उभं केलेलं, त्या एका काळ्या बाणावर उभं होतं. तिला रडूही येईना, इतकी ती घाबरली होती. बापावर ओरडावं तर बाप तिच्याहून जास्त भेदरलेला. पलटणीत गोळ्यांना न भ्यालेला, कृष्णेच्या पुरात होडीनं माणसं काढणारा माणूस हातातली टोपी चुरगाळत उभा होता.

"पोरी, मी वाटुळं केलं व्हय गं तुजं?"

तिनं नळीवरची माळ उतरवून ठेवली. 

मग तिला नौशीन आठवली. शाळेतली मैत्रीण, आता कराडजवळच्या मलकापुरात स्कॅनिंग सेंटर चालवते. माणसाच्या पोटातलं दिसतं तसं नळीच्या पोटातलंही दिसेल, आणि थरांमध्ये एखादी खूण सापडली तर सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या मागच्या सीटवर बर्फाच्या पिशव्या लावून नळी निघाली. लालासाहेब वाटभर नळीवर हात ठेवून बसले होते. एरवी मोटारीत बसले की रस्त्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरची अक्कल काढणारा माणूस, पण कराड आलं तरी तोंडातून शब्द नाही.

"पेशंटचं नाव काय लिहू?" नौशीननं विचारलं. कुणी हसेना तेव्हा तिला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं. तिनं मुकाट्यानं नळी टेबलावर निजवली आणि आत सरकवली.

पडद्यावर चित्र उमटलं. गाळ करडा, दगड पांढरे. क्रांती पुढं वाकली.

"एवढे खडे समुद्राच्या तळाशी?" नौशीन म्हणाली.

"हिमनगांनी आणलेले. जमिनीवरचा बर्फ समुद्रात तुटून पडतो, वाहत जातो, वितळतो. त्याच्या पोटातले खडे खाली पडतात. जितके खडे जास्त, तितका बर्फ जास्त फुटलेला."

नळीच्या मधल्या भागात खड्यांची दाटी होती. निळ्या बुचाच्या बाजूला ते हळूहळू विरळ होत गेले होते. पांढऱ्या बुचाच्या बाजूला मात्र ते सुरीनं कापावं तसे एकदम संपत होते. त्यापुढं नितळ गाळ.

क्रांतीनं मनाशी हिशेब मांडला. पांढरं टोक वरचं असेल, तर बर्फ हळूहळू फुटत गेला आणि मग थांबला. निळं वरचं असेल, तर सगळं शांत होतं आणि एकाएकी बर्फाचा डोंगर कोसळला. कालपर्यंत तिला फक्त वरचं टोक हवं होतं. आता तिला पांढरंच हवं होतं. देवा, पांढरं असू दे, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

"जरा मोठं कर. तो खडा, एकटा आहे तो."

नितळ गाळात सुपारीएवढा एकच खडा रुतला होता. त्याच्या एका बाजूचे थर गादीवर कुणी बसावं तसे दबले होते. दुसऱ्या बाजूचे न दबता त्याच्यावरून पांघरुणासारखे गेले होते. पडणारा दगड खालच्या थरांना दाबतो, वरचे नंतर बसतात. दबलेले थर पांढऱ्या बुचाच्या बाजूला होते.

"निळं वरचं," ती म्हणाली. "बुचं बरोबर बसवली होती तुम्ही."

लालासाहेबांनी दोन्ही हात जोडले. "म्हंजी आमच्या हातनं काय बिगडलं न्हाई! अर्जुनाला फोन लावतो. रातभर डोळ्याला डोळा न्हाई त्याच्या." मग त्यांनी लेकीकडं पाहिलं. "मग तुजं त्वांड असं का?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "इथवर बर्फ जागेवर होता. आणि इथं फुटला. मधे बोटाच्या पेराएवढंही अंतर नाही."

"प्येर म्हंजी किती वरसं?"

"एका माणसाचं आयुष्य. जन्मला तेव्हा बर्फ जागेवर, म्हातारा झाला तेव्हा समुद्रात. आम्ही सगळे धरून चाललोय की याला हजारो वर्षं लागतात. वेळ आहे म्हणून."

"आन आता?"

"आता समुद्र पुन्हा तापायला लागलाय, तात्या. तेवढा बर्फ पडला की पाणी चढणार, किनाऱ्यावरची गावं बुडणार."

 लालासाहेबांनी खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ सरकले. नौशीन ऐकतेय याचंही त्यांना भान नव्हतं.

"क्रांते, ऐक माजं. तिकडनं वाचलं तर हळूहळूच दिसतंय न्हवं? तसंच लिव. बापानं बुचं बदलली म्हन, बान पुसला म्हन. मी सही करून देतो. सगळी चूक माज्यावर घाल."

काल याच चुकीच्या भीतीनं त्यांची झोप उडाली होती, आणि आज ते ती न केलेली चूक मागून घेत होते. खरं सांगायचं तर क्षणभर क्रांतीलाही ती देऊन टाकावीशी वाटली. कुणालाही कळलं नसतं.

"दगड वरनंच खाली पडतो, तात्या," ती म्हणाली.

 लालासाहेब पडद्याकडं पाठ करून बसले. क्रांतीला त्यांना धीर द्यायचा होता, पण ती स्वतःच भ्यायली होती. तिनं नौशीनकडून काळा पेन घेतला आणि नळीवर निळ्या बुचाकडं टोक करून पुन्हा बाण काढला.