शाल्मलीवरून येणारा वारा

उत्तरेचा हिवाळा पांढरा नसतो, तो निळा असतो. पहाटे राखनिळा, दुपारी पोलादनिळा. आणि मावळतीला, सूर्य सूचिपर्णी झाडांच्या टोकांवरून घरंगळला की, जांभळाच्या रसात बुडवून काढल्यासारखा.

त्या निळाईतून एक काळा रस्ता जात होता. त्या रस्त्यावरून एक लाल गाडी जात होती. गाडीत बाप आणि लेक बसले होते. आणि दोघांच्या मध्ये, अंग चोरून, तिसऱ्या प्रवाशासारखे, एक न उच्चारलेले वाक्य.

वाक्य लहानसेच होते. चल घरी, बेटा.

विश्वनाथराव वैरागड्यांनी ते बल्लारपूरहून आणले होते. वर्धेच्या काठावर, कागदाच्या गिरणीच्या त्या गावात, त्यांनी उभा जन्म वाचनालयाच्या टेबलामागे काढला होता. दुसऱ्यांच्या वाक्यांची धूळ झटकली, दुसऱ्यांच्या वाक्यांना पुठ्ठे चढवले. स्वतःचे असे एक वाक्य लोकांसमोर बोलायची वेळ आली की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई गेल्या. अंगणातली सावर यंदाही फुलली, रक्तासारखी लाल फुले टपटप टाकत राहिली. पण ती वेचायला अंगणात कुणी नव्हते. तेव्हा त्या घराने, त्या झाडाने, त्या रिकाम्या अंगणाने त्यांना हे वाक्य दिले, आणि सातासमुद्रांपलीकडे पाठवले.

सावरीचेच नाव त्यांनी लेकीला ठेवले होते. शाल्मली.

शाल्मली कॅनडाच्या उत्तरेत वारा मोजत असे. रानातला नव्हे, डोंगरमाथ्यावरचाही नव्हे. खाणींच्या पोटातला वारा. जिथे सूर्य कधी गेला नाही, तिथे माणसे जातात. आणि माणसे जातात तिथे वाराही न्यावा लागतो. तो कुठून आत घ्यायचा, कुठे वळवायचा, कोणत्या भुयारात तो दमतो, कोणत्या दारापाशी तो अडतो, हे तिचे शास्त्र. एका खाणीतून दुसऱ्या खाणीकडे, एका गावातून दुसऱ्या गावाकडे, अशी तिची भटकंती चाले. या खेपेला शेजारच्या आसनावर वडील होते.

गाव येई. गाव जाई.

एक गाव कागदाचे होते. गिरणी बंद पडलेली. धुराड्यावर धूर नव्हता, फक्त एक कावळा होता. ओंडक्यांनी भरून वाहणारी नदी आता नुसतीच वाहत होती, रिकाम्या हातांनी बाजारातून परतणाऱ्या बाईसारखी. विश्वनाथराव गिरणीच्या फाटकापाशी थांबले. म्हणावे का आता? चल घरी. पण इतक्या ओसाड जागी घराचे नाव काढणे त्यांना अशुभ वाटले.

एक गाव निकेलचे होते. काळे कातळ, करपलेल्या तव्यासारखे. आणि संध्याकाळी टेकडीच्या कडेवरून ओतला जाणारा भट्टीतल्या धातुमळीचा तप्त, लालबुंद ओघ. क्षणभर सारे आकाश पेटले. शाल्मलीच्या चेहऱ्यावर तो तांबूस उजेड पसरला आणि ती लहान मुलीसारखी हसली. इतक्या आनंदात कसे म्हणावे?

प्रत्येक गावात त्यांनी ते वाक्य बाहेर काढले आणि प्रत्येक गावात पुन्हा आत ठेवले. वाचनालयातून नेलेले पुस्तक न वाचताच परत करावे तसे. आपल्याला हे जमणार नाही. प्रमिला असती तर विमानातून उतरताच म्हणाली असती. आपण नुसते खिडकीबाहेर बघतो. बर्फ, झाड, बर्फ. मन कुठेच टेकत नव्हते. मुक्कामावर पोहोचले की निघावेसे वाटे, निघाले की पोहोचावेसे वाटे.

शेवटचे गाव सोन्याचे होते. गोठलेल्या तळ्याच्या काठी पन्नासेक घरे, एक चर्च, एक दुकान, आणि या साऱ्यांवर पहारा देणारा खाणीचा उंच लोखंडी मनोरा. गावाकडे जाताना शाल्मली बोलत होती. "खाली यंत्रांच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही, बाबा. म्हणून आग लागली की वाऱ्यातच वास सोडतात. सडक्या कोबीसारखा. वास आला की हातातलं टाकायचं, आसऱ्याच्या खोलीत शिरायचं, दार लावायचं आणि फटी मातीनं लिंपून घ्यायच्या. धूर आत यायला नको."

"हं," विश्वनाथराव म्हणाले.

ते ऐकत नव्हते. वाक्याच्या आधी आईची आठवण काढावी, की थेट 'बेटा'पासून सुरुवात करावी, याचा ते विचार करत होते.

खाणीच्या दारातल्या, कामगारांचे दिवे ठेवायच्या खोलीत एक फळा होता. अर्धा लाल, अर्धा हिरवा. खाली जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला लाल बाजूला अडकवायचा. वर आल्यावर हिरव्या बाजूला. फळ्याशेजारी इरेन नावाची पांढऱ्या केसांची, रुंद खांद्यांची बाई बसत असे. फ्रेंच हेल काढून इंग्रजी बोलणारी, सगळ्यांना सुनावणारी.

"हे तुझे वडील?" तिने शाल्मलीला विचारले. "वारेवाली, यांना जरा खायला घाल. तुझ्या पंख्यापुढे उभे राहिले तर उडून जातील!"

शाल्मली हसली. तिने बिल्ला लाल बाजूला अडकवला. टिंग. मग वडिलांना खाणीमागच्या बर्च झाडांच्या रानात नेले. तिथे कुंपणाआड एक प्रचंड धुराडे जमिनीतून वर आले होते, आणि त्यातून शुभ्र, ऊबदार वाफ अखंड उसळत होती. "खाणीचा उच्छ्वास," ती म्हणाली. "खाली फिरून दमलेला वारा इथून बाहेर पडतो. थंडी वाजली तर इथे येऊन थांबा. मी खाली असेन. हा वारा माझ्यावरून येईल."

ती गेली. माणसांना खाणीत उतरवणारा लोखंडी पिंजरा तिला घेऊन खाली गेला. विश्वनाथराव धुराड्यापाशी उभे राहिले.

केवढी ती ऊब! भोवती हाडे गोठवणारी थंडी, आणि इथे जणू कुणी चुलीपुढे बसवले आहे. वाफेने बर्चच्या फांद्यांवर हिमाची फुले काढली होती. हा वारा लेकीवरून आला. तिच्या कपाळावरून, तिच्या हातातल्या यंत्रावरून, तिच्या केसांच्या विसरलेल्या बटेवरून. कित्येक दिवसांत प्रथमच त्यांचे मन जरासे टेकले.

आणि तेव्हा तो वास आला.

आधी पुसट, मग दाट, आंबूस, ओळखीचा. विश्वनाथरावांचे डोळे मिटले. बल्लारपूर! हाच तो गिरणीचा वास. परका माणूस गाडीतून उतरताच नाकाला रुमाल लावी. गावातल्यांना तो जाणवतही नसे. फक्त दूरच्या प्रवासाहून परतताना, खिडकीतून त्याची पहिली झुळूक आली, की प्रमिला पिशव्या गोळा करत म्हणे, "आलं बाप्पा घर!" त्या वासात पाळीचा भोंगा होता. त्या वासात तव्यावर फुगणारी भाकर होती. त्या वासात शाळेतून धावत येणारी, फ्रॉकच्या ओच्यात लाल फुले भरलेली शालू होती.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, बर्फात, जमिनीच्या पोटातून घर वर येत होते.

विश्वनाथराव हसले. त्यांनी छाती भरून तो वास घेतला, आणि जे वाक्य एवढ्या गावांत एकदाही ओठांवर आले नव्हते, ते आपसूक, सहज, वाफेला म्हणाले, "चल घरी, बेटा."

वाफ उसळत राहिली. आणि तिच्या पांढऱ्या पडद्यावर, न ऐकलेले शब्द एकेक करून उमटू लागले. सडक्या कोबीसारखा. वास आला की. हातातलं टाकायचं. दार लावायचं.

आग लागली की.

ऊब तीच होती. हाच वारा. तिच्यावरून येणारा. ज्या वासाने बाप घरी पोहोचला होता, तोच वास जमिनीच्या पोटात लेकीला पळ म्हणत होता. आणि बाप वर उभा राहून तो हसत हसत पीत होता.

ते धावले. धावणे त्यांना कधी जमले नव्हते. आताही जमले नाही. गुडघाभर बर्फात ते पडले, उठले, पुन्हा पडले. टोपी राहिली, चष्मा धुकटला, आणि तसेच ते दिव्यांच्या खोलीत शिरले.

फळ्याची लाल बाजू बिल्ल्यांनी भरलेली होती. हिरवी बाजू रिकामी, शेवाळल्या पाण्यासारखी निश्चल.

"खाली एक गाडी पेटली आहे," इरेन शांतपणे म्हणाली. तिच्या एका कानाला टेलिफोन होता. "विझवायला माणसं गेली आहेत. बाकीचे आसऱ्याच्या खोल्यांत पोहोचले. तुमची वारेवाली अजून नाही पोहोचली. बसा, पापा."

विश्वनाथराव उभेच राहिले.

"बसा. आपण उभं राहिल्यानं कुणी लवकर वर येत नाही. मी दोनदा उभी राहून पाहिलंय." तिने खुर्ची पायाने पुढे सरकवली. "तुमच्या गावात बाया वाट बघताना काय करतात?"

"स्वयंपाक," ते पुटपुटले.

"इथेही तेच. म्हणून तर आम्ही सगळ्या अशा आहोत!" तिने आपल्या विशाल कमरेवर थाप मारली. हसताना मात्र तिचे डोळे फळ्यावरून हलले नाहीत.

खिडकीबाहेर निळे जांभळे झाले, जांभळे काळे झाले. विश्वनाथरावांच्या डोळ्यांपुढे तो एकच बिल्ला होता. पितळेचा, नाण्याएवढा, किंचित वाकलेला. सगळी पृथ्वी त्या एका खिळ्याला टांगलेली होती. आता त्यांना वाक्य आठवत नव्हते. घर आठवत नव्हते. अंगण, सावर, रिकामी खोली, काही नाही. फक्त वर ये. कुठेही जा, कुठेही राहा. पण आधी वर ये.

इरेनने टेलिफोनवर काहीतरी ऐकले. मान हलवली. "पोहोचली. वाऱ्याची दारं फिरवायला थांबली होती. धूर दुसरीकडे वळवला तिनं, मग खोलीत गेली." आणि मग, जरा रागाने, "शहाणी आहे मोठी!"

त्यानंतर पुष्कळ वेळाने पिंजरा वर ओढणारे मनोऱ्यावरचे चाक फिरू लागले.

माणसे आली, काळवंडलेली, खोकणारी, एकमेकांना कोपरखळ्या मारणारी. "कोबी कुणी शिजवला रे?" एक म्हणाला. टिंग. "ह्याच्या मोज्यांचा वास होता तो." टिंग. टिंग. एकेक पितळी थेंब लालातून हिरव्यात पडत होता. सगळ्यात शेवटी शाल्मली आली. तिने बिल्ला उचलला, हिरव्या बाजूला अडकवला.

टिंग.

एवढा लहान आवाज. आणि विश्वनाथराव खाली बसले.

"काहून बाबा, टोपी कुठे तुमची? थंडी नाही वाजत?" ती वाकली, त्यांचे हात तिने हातात घेतले. तिची बोटे खरखरीत लागली. नखांत, रेषांत, मनगटापर्यंत माती वाळली होती. "दाराच्या फटी लिंपल्या," ती म्हणाली. "आई परसातली चूल लिंपायची ना, तशी. अंगठ्यानं दाबत दाबत, पाण्याचा हात फिरवत. तेव्हा आई ओरडायची माझ्यावर, भेगा ठेवते म्हणून. आज एक भेग नाही राहिली, बाबा."

रात्री, गावातल्या भाड्याच्या एका छोट्या घरात, वरणभाताची वाफ दोघांच्या मध्ये असताना, त्यांनी ते वाक्य म्हटले. चाचरत, कान लाल करत, पण म्हटले. "चल घरी, बेटा."

शाल्मलीने भात कालवायचे थांबवले. खिडकीत बर्फाचे कण येऊन टेकत होते. "नाही, बाबा," ती हळूच म्हणाली. "तिथे परत गेले तर आईच्या खुर्चीवर बसून राहीन. इथे खाली माणसं आहेत, त्यांना वारा लागतो." मग, ताटाकडे बघत, "तुम्हीच राहा ना. बर्फ वितळेपर्यंत तरी."

"बघू," ते म्हणाले. ते आयुष्यभर बघूच म्हणत आले होते.

सकाळी ती पुन्हा खाली निघाली. आगीनंतरचा वारा तपासल्याशिवाय कुणी खाली उतरणार नव्हते. लाल बाजूवर एकटा तिचा बिल्ला डोलू लागला. विश्वनाथराव त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग इरेनकडे वळले, आणि घसा खाकरून, आपले दुसरे स्वतःचे वाक्य बोलले. "मला एक मिळेल का? बिल्ला?"

"वर राहणाऱ्याला बिल्ला नसतो, पापा."

"वर राहणाराही मोजला जावा," ते म्हणाले, आणि लगेच ओशाळले.

इरेनने त्यांच्याकडे पाहिले. मग खण उघडून एक जुना, आकडा झिजलेला बिल्ला काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "साहेबांना सांगू नका. आणि बर्फ वितळेपर्यंत रोज इथे अडकवायला यायचं. मला एकटीला वाट बघून कंटाळा आलाय."

त्यांनी तो हिरव्या बाजूला अडकवला. टिंग.

मग ते बर्चच्या रानात गेले. वाफ उसळत होती. शुभ्र, ऊबदार, निर्गंध. फांद्यांवर हिमाची नवी फुले होती, आणि कुंपणाच्या तारेवर, काल पडलेली, कुणीतरी उचलून ठेवलेली त्यांची टोपी. ती त्यांनी घातली नाही. उघड्या डोक्याने ते वाफेत उभे राहिले. त्यांचा श्वास निघाला, वाफेत मिसळला, वर गेला. खालून वारा आला. भुयारांतून आला, लिंपलेल्या दारांवरून आला, लेकीवरून आला. आणि बापाच्या कपाळाला हलकेच हात लावून, निळ्या आकाशात निघून गेला.