चिंधी अजून बसलीय

"मी गेलो की चिंधीला माझ्याजवळ आण, सूनबाई. पोटभर हुंगू दे. तिला मरण कळतं. नुसतं नसणं कळत नाही."

सुईत दोरा ओवता ओवता सासरे म्हणाले होते. "भलतंसलतं बोलू नका, बाबा," म्हटलं मी, पण शब्द दिला.

बाबा शिंपी. चिंधी त्यांची कुत्री, शिलाई मशीनखालच्या कापडांच्या तुकड्यांवर वाढलेली. बाहेर निघताना ते तिला सांगत, "बस, आलोच." मग ते परतेपर्यंत ती जागची हलायची नाही.

बाबांचा देह दवाखान्यातून घरी आणला त्या दिवशी माणसांची गर्दी झाली. चिंधी भुंकायला लागली, म्हणून थोरल्या दिरांनी तिला मागच्या खोलीत ओढत नेलं. गप्प होईना, तेव्हा त्यांनी बाबांचेच शब्द वापरले, "बस, आलोच."

ती बसली. मला हे कळेपर्यंत बाबांना नेलं होतं.

आता रोज दिवेलागणीला ती मशीनखालून उठते. कुणाच्या तरी पायांना वाट द्यावी तशी बाजूला सरते. रिकाम्या स्टुलाकडे मान वर करून बघते, शेपूट हलवते. मग पुन्हा बसते. खाण्याला तोंड लावत नाही.

"तिला दिसतात गं ते," जाऊबाई कुजबुजल्या.

"सवय असते ती," दीर म्हणाले. "कुत्र्याला कसलं आलंय मन!"

"मन नाही, तरी तुमचा शब्द पाळतेय," मी म्हटलं. "तुम्हाला मन असून काय उजेड पडला?"



बाबांचा जीव ज्या सदऱ्यात गेला, तो दवाखान्याच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर ठेवला होता. त्याचा वास चिंधीला सगळं सांगेल, हे मला ठाऊक होतं. तरी हात वर जात नव्हता. तिची शेपूट हलली की मी हळूच म्हणायची, "बाबा, दिवा लावलाय हं." ती वाट बघत होती तोवर ते घरात होते. तिला कळलं की माझ्यासाठीही ते जाणार.

आज तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर बोटांना नुसत्या फासळ्या लागल्या.

देवापुढचा जप पुरा केला. स्टूल ओढून पिशवी खाली काढली. पाठीमागे मशीनपाशी कुणीतरी खाकरल्यासारखं वाटलं. चिंधीने कान टवकारले.

मी वळून पाहिलं नाही. तिच्यासमोर मांडी घातली आणि गाठ सोडायला घेतली.