ही जगेल, ही जाणार

मेंढवाड्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. डोळ्यांवर पट्टी बांधलेले महाराज एकेक मेंढी चाचपत होते. "ही जगेल! ही जाणार!" मग सगळ्यांना टोपलीभर मंतरलेलं धान्य खाऊ घालायचं. सकाळी पाहावं तर शब्द खरा! मेंढी जगली तर महाराजांची कृपा, मेली तर मालकाचं पाप. असा धंदा कधी बुडतो का?

धाकट्या सुनेची कोकरं सगळ्यांत गुबगुबीत. तीच पटापट मेली; एकच उरलं.

"पापिणीचा हात लागलाय," महाराज म्हणाले.

सासूने तिथेच निकाल दिला. "महाराजांच्या पुढच्या खेपेला हे शेवटचं कोकरूही गेलं, तर हिनं माहेरचा रस्ता धरावा. नातू इथंच राहील."

सुनेने पदर खोचला. मेलेलं कोकरू पाठीवर आणि जिवंत काखेत घेऊन तिने जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मेलेल्याचं पोट चिरलं. आत धान्य गच्च भरलेलं.

"जंतू मेंढ्यांच्या आतड्यात असतोच," ते म्हणाले. "एकदम पोटभर धान्य मिळालं की तो माजतो आणि विष सोडतो. खादाड, धष्टपुष्ट कोकरं आधी जातात. लस टोचलेल्यांच्या रक्तात विषाचा उतारा तयार असतो. पण तुमच्या गावात टोचताना लस अर्ध्यातच संपली. टोचलेल्यांच्या कानाला मी खुणेचं भोक पाडलंय."

सुनेला महाराजांची बोटं आठवली. दर वेळी आधी कानावरच जायची.

डॉक्टर सुई भरू लागले. "नवी लस आलीय. याला तरी टोचू."

"नको," तिने कोकरू घट्ट धरलं. "नुसतं भोक पाडा."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. मग त्यांनी कानाला भोक पाडायचा चिमटा उचलला.

पुढच्या खेपेला महाराजांची बोटं त्या कानावर थांबली. "हे जगेल! पापिणीलाही मी तारलं!"

कोकराने मंतरलेलं धान्य आवडीने खाल्लं. सकाळी ते पाय ताणून पडलेलं होतं.

सुनेने ते गर्दीसमोर महाराजांच्या पायांवर टाकलं. "याला लस नव्हती. भोक मी पाडून घेतलं. महाराज नशीब वाचत नाहीत, कान चाचपतात. आणि त्यांच्याच धान्यानं आपली मेंढरं मरतात!"

महाराज मागे सरकू लागले. लोक आपापल्या मेंढ्यांचे कान तपासू लागले. सासूनेही तपासले; जगलेल्या बहुतेकांना भोक होतं. मग ती सुनेकडे वळली.

"अगं, पण पोटच्या पोरासारखं वाढवलेलं कोकरू तू जाणूनबुजून मारलंस?"

"मारलं. नाहीतर तुम्ही माझं पोरगं काढून घेतलं असतं."

सासूने नातवाला सुनेच्या कडेवर दिलं.

विषाला पाप-पुण्य कळत नाही. वेळेवर लस टोचा, एकदम धान्य चारू नका. आणि कुणाच्या लेकीला पापीण म्हणण्याआधी मेलेल्या जनावराचं पोट उघडून पाहा.